मळीतली मगर

आमच्या घरातून नदी दिसायची नाही. मधे उसाचे फड होते आणि त्यापुढं उंच दरड. तरी नदीवर काय चाललंय ते घरात बसून कळायचं, मोटरीच्या आवाजावरून. दरडीच्या निम्म्यात सिमेंटच्या कट्ट्यावर बसवलेली आमची मोटर कृष्णेचं पाणी उसाला ओढायची आणि तिची घरघर स्वयंपाकघरात यायची, आईच्या, आमच्या अव्वाच्या, भाकरी थापण्याच्या आवाजात मिसळून. पाणी नीट येत असलं की तो आवाज जड, भरलेला असायचा. पाण्यात बुडलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिला फुटवाल म्हणतात. त्यात केंदाळ, म्हणजे पाण्यावर माजणारी जलपर्णी, अडकलं की मोटर पाणी सोडायची आणि आवाज एकदम पातळ व्हायचा. मग वडील, आमचे अण्णा, ताटावर असले तरी हातातला घास खाली ठेवून उठायचे. "सुटलं बघ पाणी," असं म्हणत पायात चपला न घालताच नदीकडं निघायचे. आता मी कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. सोसायटीची मोटर कधी कोरडी पडते, आवाज तसाच पातळ होतो, आणि हातातलं काम टाकून मी उभी राहते. सुनेला वाटतं, सासूबाईंना पाण्याची फार काळजी.

अण्णा मोठ्या आवाजाचे, रुंद हाडाचे. भर पावसाळ्यात पलीकडच्या काठाला पोहून जाणारे. घाबरलेलं माणूस दिसलं की त्यांना हसू यायचं. अव्वा त्यांच्या अगदी उलट. तिचं माहेर विजापूरकडच्या कोरड्या मुलखात, तिथं पाणी म्हणजे आडातली घागर. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी एका जागी बघून ती म्हणे रडली होती. मळीत ती वांगी तोडायला जायची, पण पाण्याच्या कडेला कधीच नाही. पूर ओसरल्यावर दरडीखाली गाळाचा जो पट्टा उघडा पडतो, ती मळी. तिथल्या वांग्यांची चव दुसरीकडच्या वांग्यांना नाही. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजायची, एरवी शाळूची भाकरी, दही, खर्डा आणि ते भरलेलं वांगं. आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून बरीच मोठी, एसटीनं जयसिंगपूरला कॉलेजला जायची आणि घरी आली की रेडिओ लावून केस विंचरत बसायची. मी शेंडेफळ. नाव कस्तुरी, घरात कस्तू.

मगर पहिल्यांदा दिसली ती अव्वाला. मोठा पूर येऊन गेला त्या वर्षीच्या थंडीत वांगी तोडताना तिला वाळूवर एक ओंडका दिसला. पुरात वाहून आला असेल, चुलीला होईल, म्हणून ती बघायला जरा पुढं झाली आणि ओंडक्यानं तोंड उघडलं. अव्वा घरी आली तेव्हा तिच्या ओच्यात एकही वांगं नव्हतं. सगळी वाटभर सांडली होती. अण्णा पोट धरून हसले.

"आगं, मासं खाती ती. तुला खाऊन तिला काय मिळायचं हाय? हाडंच हायत नुसती."

"हसा की. एक दिवस कळंल तुम्हाला," अव्वा म्हणाली.

मलाही त्या वेळी थोडं हसूच आलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही. म्हशीला आणि तिच्या रेडकाला पाणी पाजायला मी रोज संध्याकाळी न्यायची. त्या दिवशीही नेलं. नदी आरशासारखी होती. म्हैस पाणी पीत होती. रेडकानं तिच्या पोटाला घासून मान खाली घातली, नाकपुड्या पाण्याला टेकवल्या, आणि पाणीच उभं राहिलं. मला दुसरं काही सांगता येत नाही. सुरकुती नव्हती, बुडबुडा नव्हता, काही नव्हतं. आणि एकदम चिखलाच्या रंगाचं काहीतरी रेडकाच्या मानेपर्यंत आलं. माझ्या मुठीतला त्याचा कासरा सळसळत निघून गेला. तळहाताची साल निघाली तेही मला नंतर कळलं. रेडकू ओरडलंसुद्धा नाही. थोडं पुढं पाण्यात शेपटाचा एक फटकारा झाला आणि नदी परत आरशासारखी झाली. म्हैस त्या जागी उभी राहून हंबरत राहिली. मी तिला ओढू शकत नव्हते आणि सोडून पळूही शकत नव्हते, कारण पळायचं तर पाण्याकडं पाठ करावी लागली असती.

तेव्हापासून मी मगरीला बघत राहिले. ज्याची इतकी भीती वाटते ते नजरेआड झालं की जास्त वाईट. शाळेला जाताना, येताना मी दरडीवर उभी राहून तिला शोधायची. ऊन तापायला लागलं की ती वाळूवर येऊन पडायची, तोंड वासून, तासन् तास. मला वाटायचं ती मला दात दाखवतेय. परवा नातवानं मोबाइलवर दाखवलं की मगर अंग तापलं की तोंड उघडून ते निववते, त्यात राग नसतो. असेल. पण त्या वेळी कुणी मला हे सांगितलं असतं तरी माझी भीती तसूभर कमी झाली नसती. बगळे तिच्या अगदी जवळून चालत जायचे आणि ती हलायची नाही. मग कधीतरी कशाची तरी चाहूल लागायची आणि ती पोटावर घसरत पाण्यात जायची. एवढं मोठं धूड, पण पाण्यात शिरताना टिपूसभर आवाज नाही. आत गेली की वर दोन ठिकाणी फक्त उंचवटा राहायचा, पुढं नाकाचा, मागं डोळ्यांचा. तेही हळूहळू बुडायचं. त्यापुढचा वेळ सगळ्यात वाईट. वाळूवरची मगर ही एका जागेवरची मगर असते. बुडालेली मगर सगळ्या नदीत असते. गुरं रोज जिथं पाण्याला येतात ती जागा तिला कळते, वेळही कळते, हे मी तिच्याकडं बघून बघून शिकले आणि म्हशीला घरच्या हौदावर पाणी पाजायला लागले.

शिमगा झाल्यावर तिचं वागणं बदलल्यासारखं वाटलं. मोटरीच्या कट्ट्याजवळ वाळूचा एक चढ होता, पाण्यापासून थोडा वर. ती आता तिथंच घुटमळायची, नाहीतर त्याच्यासमोर पाण्यात असायची. मी घरात सांगितलं. अण्णा म्हणाले, "जागा बदलली आसंल. आपुन न्हाय का अंगणातनं सोप्यात झोपत?"

मग तो दिवस आला. दुपारी मोटरीचा आवाज पातळ झाला. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून अक्का घरी होती. फुटवाल वर उचलायचा तर दोर धरायला माणूस लागतो, म्हणून अण्णांनी तिला बरोबर घेतलं आणि मीही मागं लागले. अव्वा भाकरी घेऊन नंतर येणार होती. दरडीवरून मी सगळी वाळू बघितली. कुठंच काही नाही.

"आज न्हाय ती वाळूवर, अण्णा," मी म्हणाले.

"न्हाय न्हवं? मग बरंच की."

"दिसंना म्हणूनच भ्या वाटतंय."

"दिसली तरी भ्या, न्हाय दिसली तरी भ्या. अव्वाची लेक शोभतीस खरी!"

ते धोतर खोचून पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एक हात पाइपावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं खालचं केंदाळ ओढायला वाकले. अक्का काठावर दोर धरून उभी होती. अण्णांनी केंदाळाचा एक झुबका वर टाकला. दुसऱ्यांदा वाकले आणि सरळ झालेच नाहीत. ते ओरडले नाहीत. त्यांचं तोंड उघडलं, डोळे मोठे झाले आणि कुणी खालून ओढावं तसे ते एका अंगावर कलले. मग पाणी फुटलं. तिचं पिवळट पोट वर आलं, शेपूट वर आलं, परत पोट. ती स्वतःभोवती फिरत होती आणि अण्णांचा हात तिच्या तोंडात होता. दुसऱ्या हातानं त्यांनी पाइप कवटाळला होता. अक्कानं दोराचा फास त्यांच्या खांद्यावरून टाकला आणि वाळूत टाचा रोवून मागं रेलली. मी तिच्या कमरेला मिठी मारून ओढत होते. माझ्या ओढण्यानं काही होणार नव्हतं, पण दुसरं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

वरून अव्वाचा आवाज आला. "ब्याड री! ब्याड!" कानडीत, नको हो, नको. भीती वाटली की तिला मराठी आठवायची नाही. भाकरीची बुट्टी तिथंच टाकून ती धावत खाली आली, कट्ट्यावरचा मोटरीचा लोखंडी पाना उचलला आणि जी कधी पाण्याला शिवली नव्हती ती बाई लुगड्यासकट मांडीएवढ्या पाण्यात शिरली. दिसेल तिथं ती पाना हाणत होती. पाण्यावर, पाइपावर, एकदा अण्णांच्या खांद्यावरसुद्धा. त्यातला कुठला तरी घाव लागला असावा, किंवा मगरीनंच सोडलं असेल. दोर एकदम सैल झाला आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो.

मगर गेली नाही. जरा अंतरावर तिनं डोकं वर काढलं, अंग फुगवलं आणि ट्रकच्या चाकातली हवा सोडावी तसा लांबलचक फुत्कार टाकला. अण्णांना फरफटत वर नेताना मी मागं बघत होते. ती त्या वाळूच्या चढासमोर पाण्यात स्थिर उभी होती. पाठलाग तिनं केला नाही.

शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर काढला. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी हात बघून पट्टी गुंडाळली आणि कोल्हापूरला न्यायला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी अण्णा घरी आले. हात राहिला होता, हाडं जुळली होती, पण बोटं मिटायची नाहीत. सोप्यात बाजेवर ते भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. अव्वा भाकरी दुधात कुस्करून भरवायची. घरातला आवाजच गेला. त्या घरात अण्णा किती जागा नुसत्या आवाजानं भरून ठेवायचे ते मला तेव्हा कळलं. गावातली माणसं यायची, उंबऱ्याजवळ बसायची आणि एकच बोलायची. पहारी, कुऱ्हाडी घेऊन जाऊ आणि तिला संपवू. जंगल खात्याची माणसंही येऊन गेली. मगर मारणं गुन्हा आहे असं बजावून त्यांनी दरडीवर एक पाटी रोवली. ती पाटी वाचून गावकऱ्यांचा राग वाढलाच. तिला मारायचं बोलणं निघालं की तेवढ्यापुरतं अण्णा भिंतीकडचं तोंड वळवायचे.

"मला उठू दे जरा. पयली पहार मी घालणार."

इकडं ऊस वाळायला लागला. काकांनी तीन बांबू शेंड्याला बांधून तिकाटणा उभा करून दिला, त्यामुळं आता फुटवाल काठावरूनच दोरानं वर घेता यायचा. पाण्यात उतरायची गरज उरली नाही. पण मोटर चालू करायला कट्ट्यापर्यंत कुणीतरी जायलाच हवं होतं. काकांना त्यांचं रान होतं. अक्का म्हणाली, मी जाते. अव्वानं दारात आडवं होऊन तिला अडवलं.

"न्हाय जायचं. वाळू दे ऊस. जळू दे."

"आणि अण्णांनी उठून वाळलेला ऊस बघायचा व्हय?" अक्का म्हणाली. "मी पाण्यात कुठं उतरतीया? कट्ट्यावर जायचं, बटण दाबायचं, वर यायचं. कस्तू वर उभी राहील की बघत."

मला कुणी विचारलं नाही. मी हातात स्टीलचं ताट आणि पळी घेऊन दरडीवर उभी राहायची. मगर कट्ट्याकडं येताना दिसली की ताट वाजवायचं, एवढंच माझं काम. अक्का खाली असायची तेवढा वेळ मी पापणी लवू द्यायची नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. मोटरीचा आवाज भरला आणि अक्का वर आली की मी तिच्या अंगाला हात लावून बघायची. ती म्हणायची, "हाय बाई, हाय मी सगळी."

पाऊस तोंडावर आला होता. त्या आठवड्यात लाईट पहाटे यायची. उजाडलं आणि आम्ही निघालो. अक्का पाण्याची बादली घेऊन खाली गेली, मोटरीत पाणी भरलं आणि बटण दाबणार इतक्यात मला एक आवाज आला. कोंबडीची पिलं खुराड्यात कोंडल्यावर करतात तसा, पण जास्त घोगरा. आवाज जमिनीतून येत होता, कट्ट्याजवळच्या त्या चढातून. अक्कानंही ऐकला. तिनं मान वळवली, आणि त्याच वेळी पाण्यातून मगर वर आली.

ती धावत आली नाही. पोट जमिनीपासून उचलून, चारी पायांवर, एखादी म्हातारी बाई अवघड चढ चढते तशी आली. एवढी उंच असते हे मला ठाऊक नव्हतं. पळी माझ्या हातात वर उचललेली होती आणि ताट वाजवायचं की नाही ते मला कळेना. वाजवलं तर ती वळणार. वळली तर समोर अक्का. वर यायची वाट त्या चढाला लागूनच होती आणि दुसऱ्या अंगाला पाणी. मी पळी खाली घेतली. अक्काकडं बघून मी फक्त तळहात दाखवला, थांब. अक्का मोटरीमागं हळूच टेकली आणि दगडासारखी झाली.

मगर तिच्यापासून बैलगाडीच्या लांबीवर थांबली आणि पुढच्या पायांनी वाळू उकरायला लागली. उकरता उकरता मधेच थांबून ऐकायची. आतला आवाज वाढला. मग तिनं तोंड खाली घातलं. रेडकाची मान ज्या जबड्यात गेलेली मी पाहिली होती, अण्णांचा हात ज्या जबड्यात होता, त्याच जबड्यात तिनं काहीतरी उचललं आणि दातांच्या फटीतून मला वीतभर लांबीचं पिवळं, काळ्या पट्ट्यांचं एक पिलू वळवळताना दिसलं. मला वाटलं ती खातेय. ती तशीच वळली, पाण्यापर्यंत गेली, तोंड पाण्यात बुडवून हलवलं आणि पिलं बाहेर सांडली. मग परत वर आली.

अशा खेपा ती घालत राहिली. एकदा वर येताना ती थांबली आणि तिनं डोकं अक्काकडं वळवलं. अक्का नंतर म्हणाली की तिच्या डोळ्यातली उभी रेघ आपल्याला दिसली. मी श्वास घेतला नाही. देवाचं नाव घ्यायलाही भीती वाटली, कारण मनातलं तिला ऐकू गेलं तर काय घ्या! एक अंडं फुटलं नव्हतं. ते तिनं तोंडात धरून हळूच दाबलं, कवच निघालं, आणि त्यातलं पिलूही ती घेऊन गेली. ऊन वर आलं. मग कधीतरी ती पाण्यातच राहिली. पिलांचा चिवचिवाट नदीतून यायला लागला.

अक्का वर आली ती रांगत. माझ्याजवळ पोचली आणि उलटी केली. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. त्या दिवशी मोटर चालू झालीच नाही. आवाज का आला नाही म्हणून अव्वा उसातून पळत येताना दिसली, तेव्हा आम्हाला रडू आलं.

घरी अक्कानं अण्णांच्या बाजेजवळ बसून सगळं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होते. मधे एकदा विचारलं, "तुझ्याकडं बघितलं तिनं?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय न्हाय. तिला तिचं काम हुतं."

संध्याकाळी माणसं आली. चढाखाली तिची अंडी असणार हे एव्हाना त्यांनी ताडलं होतं आणि उद्या उकरून काढायची म्हणत होती. अण्णा हाताला झोळी बांधून उठून बसले. "मोकळी झालीया ती जागा. कुणी जाऊ नका तिकडं," ते म्हणाले. एकानं विचारलं, "आणि तुमच्या हाताचं काय?" अण्णा म्हणाले, "माझा हात मी बघतो." माणसं कुरकुरत गेली. अण्णांचा राग गेला होता की आणखी काही होतं, ते मला त्या वेळी समजलं नाही.

पावसाला सुरुवात व्हायच्या आधी एका सकाळी ते मला म्हणाले, "चल, नदीवर जाऊन यिऊ." अव्वा दारात आली आणि वाट देऊन बाजूला झाली. आम्ही दरडीवर जाऊन बसलो. खाली पाण्यात ती होती, डोकं तेवढं वर. भोवती केंदाळात पिलं होती, दोन तिच्या डोक्यावर चढून बसली होती. एक घार खाली आली, तशी तिनं पाण्यातून उसळी मारली आणि घार भिऊन दूर गेली. अण्णा बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. मग गुडघा हलायला लागला, आणि मग सगळं अंग. ते उठून जातील असं मला वाटलं, पण ते बसून राहिले.

"कस्तू," ते म्हणाले, "लई भ्या वाटतंय गं."

अण्णांच्या तोंडून मी असलं कधी ऐकलं नव्हतं. "मलाबी," मी म्हणाले.

त्यांनी तो हात माझ्याकडं केला. मी तो धरला. त्यांची बोटं मिटत नव्हती, म्हणून मी माझी मिटली आणि घर येईपर्यंत उघडली नाहीत.